सिमेंट कारखान्यातला कार्बन कमी करायचाय? आधी दगडाचा हिशोब मांडा

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस, तिकडे वणीच्या पुढे मुकुटबन. या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे आणि हाकेच्या अंतरावर कोळसा, म्हणून सिमेंटचे कारखाने इथे आले. कोरपना, राजुरा, जिवती, झरी-जामणी भागातली आयटीआय, डिप्लोमा, बी.ई. झालेली पोरं-पोरी दरवर्षी तिथे ट्रेनी म्हणून लागतात. हल्ली त्यांतल्या एखाद्याच्या गळ्यात 'एनर्जी सेल' नावाचं काम पडतं आणि वरून फर्मान येतं: कार्बन कमी करायचा प्लॅन आण.

मग प्लॅन येतो. त्यात वृक्षारोपण असतं, गेस्ट हाउसवर सोलर पॅनेल असतात, कॉलनीत एलईडी दिवे असतात. झाडं जरूर लावा, मे महिन्यात गेटवर सावली लागतेच. पण वर्षाला २० लाख टन क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मूळ माल, काढणारा कारखाना सोळा लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक झाड वर्षाला वीस किलो शोषतं असं धरलं, तरी आठ कोटी झाडं लागतील. तेवढी जागा कोरपना तालुक्यात नाही.

म्हणून हा लेख. यातल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका. बहुतेक नवे लोक विजेपासून सुरुवात करतात, कारण विजेचं मीटर दिसतं. सिमेंटमध्ये वीज सगळ्यात शेवटी येते.

पहिली पायरी: एका टनाचा हिशोब

वही घ्या आणि एक टन क्लिंकरमागे किती कार्बन जातो ते स्वतः मांडा. सॉफ्टवेअर नंतर उघडा.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भाजली की १०० किलोतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. हा वायू कोळशाचा नाही, दगडाचा आहे. उद्या किल्न, म्हणजे ही भाजायची भट्टी, सौरऊर्जेवर तापवलं तरी तो निघणारच. एक टन क्लिंकरमागे या दगडाच्या खात्यात साधारण ५२५ किलो पडतात. तुमच्या लॅबकडे क्लिंकरमधल्या चुन्याचं आणि मॅग्नेशियाचं प्रमाण रोज निघतं, त्यावरून स्वतःच्या कारखान्याचा नेमका आकडा काढता येतो.

दुसरं खातं इंधनाचं. समजा तुमचं किल्न किलोभर क्लिंकरमागे ७३० किलोकॅलरी खातं. म्हणजे टनामागे सुमारे ३.०५ गिगाज्यूल. कोळशाचा गुणांक गिगाज्यूलमागे साधारण ९५ किलो धरा. झाले २९० किलो.

दगड आणि इंधन मिळून ८१५. त्यात दगडाचा वाटा पासष्ट टक्क्यांच्या जवळपास.

तिसरं खातं विजेचं. एक टन सिमेंट करायला खाणीपासून पॅकिंगपर्यंत ७० ते ८० युनिट लागतात. ग्रिडच्या विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं, सध्या तो युनिटमागे पाऊण किलोच्या थोडा आत आहे. म्हणजे टनामागे पन्नास-साठ किलो. तुमच्या कारखान्याचं स्वतःचं कोळशावरचं वीज केंद्र असेल तर युनिटमागचा आकडा बराच वर जातो, तो वेगळा काढा.

आता हाच हिशोब पोत्यावर आणा, कारण पोतं सगळ्यांना कळतं. ओपीसीत, म्हणजे साध्या सिमेंटमध्ये, क्लिंकर ९५ टक्के धरलं तर ५० किलोच्या एका पोत्यामागे साधारण ४१-४२ किलो कार्बन डायऑक्साइड. राख मिसळलेल्या पीपीसीत क्लिंकर ६५ टक्के धरलं तर २९ किलो. एका पोत्यामागे बारा किलोंचा फरक, तोही किल्नला हात न लावता.

हा कागद तयार झाला की दुसऱ्या पायरीवर जा. हे आकडे मी नमुन्याचे दिलेत. तुमचे आकडे लॅब, सीसीआर (किल्न चालवणारी कंट्रोल रूम) आणि स्टोअरमधून आणा. तिघांचे आकडे जुळणार नाहीत. कोळशाचा आकडा वजनकाट्यावर एक, स्टॉकमध्ये दुसरा आणि किल्न फीडरवर तिसरा निघतो. काट्यावर आलेला कोळसा ओला असतो, किल्नमध्ये जाणारा वाळलेला असतो, आणि मधला फरक कुणी लिहून ठेवत नाही. पावसाळ्यात हा घोळ फार वाढतो. कोणता आकडा कुठे मोजला आणि त्यात ओलावा किती, हे शेजारी लिहा. पहिला महिना याच कामात जाईल, जाऊ द्या.

दुसरी पायरी: क्लिंकर कमी करा

सिमेंटमधलं क्लिंकरचं प्रमाण एक टक्क्याने उतरलं की टनामागे आठ किलो कार्बन वाचतो. वर्षाला ३० लाख टन सिमेंट असेल तर २४ हजार टन. एवढा फायदा देणारं दुसरं काम कारखान्यात सापडत नाही, आणि यात नवीन मशिनरी फारशी लागत नाही. म्हणून ही पायरी दुसरी.

क्लिंकरच्या जागी घालायचं काय? आपल्याकडे पहिलं उत्तर राख. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा धरले तर विदर्भात राखेला तोटा नाही. भारतीय मानक १४८९ नुसार पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख चालते. तुमचा कारखाना २८ वर अडला असेल तर 'का अडला' हा तुमचा पहिला प्रश्न.

उत्तर बहुधा लॅबमध्ये मिळेल. राख म्हणजे राख, असं नसतं. वीज केंद्राच्या धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ईएसपीच्या, मागच्या फील्डची (कप्प्याची) राख बारीक असते, पुढच्या फील्डची जाड. मानक ३८१२ प्रमाणे सिमेंटच्या राखेचं ब्लेन, म्हणजे बारीकपणाचं माप, किमान ३२० लागतं आणि जळायचा राहिलेला भाग, म्हणजे एलओआय, पाच टक्क्यांच्या आत हवा. वीज केंद्राचं युनिट कमी लोडवर चालू असलं की न जळलेला कोळसा राखेत वाढतो, राख काळपट येते आणि सिमेंटचा रंगही बदलतो. रंग बदलला की डीलरचा फोन येतो. त्यामुळे लॅबवाले सावध राहतात आणि राख दोन टक्के कमीच घालतात. त्यांचं चूक नाही. तुमचं काम एवढंच, की प्रत्येक बल्करचा (राखेच्या टँकरचा) नमुना, तो कोणत्या युनिटचा आणि कोणत्या सायलोतला, याची नोंद सुरू करा. चांगली राख कुठून आणि केव्हा येते ते दोन-तीन महिन्यांत दिसायला लागतं. मग चांगल्या सायलोच्या राखेचं प्रमाण वाढवा, बाकीचं आहे तिथे ठेवा.

तळ्यातली ओली राख स्वस्त मिळते म्हणून परचेसवाले खूश होतात. ती वाळवायला गरम हवा लागते, म्हणजे इंधन. किल्नची वाया जाणारी गरम हवा त्या कामाला मिळत असेल तरच हा सौदा परवडतो.

आता खरी अडचण. राख वाढली की सिमेंटची सुरुवातीची ताकद कमी येते. २८ दिवसांनी ती भरून निघते, पण गवंडी २८ दिवस थांबत नाही. डिसेंबरच्या थंडीत 'माल सेट होत नाही' ही तक्रार नांदा फाट्यापासून यवतमाळपर्यंत ऐकू येते. सिमेंट अधिक बारीक दळलं तर फरक पडतो, पण वीज वाढते. टनामागे पाच युनिट जादा गेली तर साडेतीन-चार किलो कार्बन वाढला, आणि राख दोन टक्के वाढली तर सोळा किलो वाचला. सौदा फायद्याचाच आहे. हे गणित कागदावर मांडून ग्राइंडिंगच्या साहेबांपुढे ठेवा, कारण युनिटचा आकडा वाढल्यावर बोलणी त्यांनाच खावी लागतात.

उन्हाळ्याची गोष्ट याहून वेगळी. मानक ४५६ सांगतं की उष्ण कोरड्या हवेत साध्या ओपीसीला किमान दहा दिवस पाणी मारा, मिश्र सिमेंटला चौदा दिवस. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४६-४७ वर असताना, टँकरच्या पाण्यावर घर बांधणारा माणूस चौदा दिवस पाणी कुठून मारणार? तो चार दिवस मारतो, स्लॅबला भेगा जातात आणि बोल सिमेंटला लागतो. त्याने पुढचं पोतं ओपीसीचं आणलं की तुमचा सगळा हिशोब वाहून गेला. म्हणून क्लिंकर कमी करण्याचं काम कारखान्याच्या गेटवर संपत नाही. मार्केटिंगचे टेक्निकल लोक गवंड्यांच्या बैठका घेतात, त्यांच्याबरोबर दोनदा तरी जा. ओलं पोतडं स्लॅबवर अंथरलं की पाणी किती कमी लागतं, हे तिथे दाखवा. माझ्या मते एनर्जी सेलच्या पोराने केलेली ही फेरी दहा प्रेझेंटेशनांच्या तोलाची आहे.

राखेखेरीज स्लॅग आहे. पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांतला हा मळ आपल्याकडे मुख्यतः छत्तीसगडकडून येतो. मानक ४५५ प्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये तो ७० टक्क्यांपर्यंत चालतो, पण रेल्वेचं भाडं आणि दळायला लागणारी जादा वीज धरूनच हिशोब करा. राख आणि स्लॅग दोन्ही घालायचं कॉम्पोझिट सिमेंट मानक १६४१५ मध्ये बसतं, त्यात क्लिंकर ३५ टक्क्यांपर्यंत उतरवता येतं. आणि २०२३ मध्ये भाजलेली चिकणमाती व चुनखडी घालून करायच्या सिमेंटलाही मानक मिळालं, क्रमांक १८१८९. त्यात क्लिंकर निम्म्यावर येतं. माती ७००-८०० अंशांवर भाजावी लागते, किल्नच्या १४५० अंशांच्या मानाने हे बरंच कमी. मात्र मातीत केओलिन, म्हणजे चिनी मातीचा अंश, पुरेसं हवं. आपली काळी कापसाची माती त्या कामाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच.

तिसरी पायरी: उष्णता कुठून पळते ते शोधा

किलोमागे दहा किलोकॅलरी वाचल्या तर टन क्लिंकरमागे चार किलो कार्बन वाचतो. २० लाख टनांना आठ हजार टन. शिवाय ४००० किलोकॅलरीचा पाच हजार टन कोळसा वाचला. हा दुसरा आकडा साहेबांना जास्त आवडेल.

सुरुवात फॉल्स एअरपासून करा. किल्नमध्ये जाणारा माल आधी तापवणाऱ्या प्रीहीटरच्या मनोऱ्यात पंख्याने ओढ असते, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. कुठेही फट असली की बाहेरची गार हवा आत शिरते. ती तापवायला कोळसा लागतो आणि बाहेर ओढायला पंख्याची वीज. गंमत अशी की फट दिसत नाही. गळती आतल्या बाजूला असल्याने धूळही उडत नाही.

मोजायचं असं. कॅल्सायनरच्या (मनोऱ्याच्या तळाशी चुनखडी भाजणाऱ्या भागाच्या) बाहेर आणि प्रीहीटरच्या वरच्या तोंडाशी, दोन्हीकडे एकाच वेळी ऑक्सिजन मोजा. समजा खाली ३ टक्के आला आणि वर ६. फरक ३. तो २१ वजा ६ म्हणजे १५ ने भागा. आले २० टक्के. प्रीहीटरमधून जाणाऱ्या वायूच्या पाचव्या हिश्शाइतकी हवा फुकटची आत येतेय. चांगल्या देखभालीत हा आकडा दहाच्या आत ठेवता येतो. सीसीआरच्या स्क्रीनवरच्या ऑक्सिजनवर विसंबू नका. हातात धरायचा गॅस अ‍ॅनालायझर घ्या, कारण बसवलेला प्रोब धुळीने भरलेला असला तर तो स्थिर आणि छान आकडा दाखवत राहतो.

फट शोधायला उदबत्ती पुरते. मॅनहोलच्या दाराच्या कडेने, फ्लॅंजच्या जोडाशी, पोकिंग होलच्या झाकणाजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आत ओढला गेला तर खडूने खूण करा. वरच्या मजल्यापासून खाली येत एका जनरल शिफ्टमध्ये पूर्ण मनोरा होतो. कानही उघडे ठेवा, मोठी फट शिट्टी वाजवते. सगळ्यात जास्त हवा बहुधा टिपिंग फ्लॅपच्या (माल खाली सोडणाऱ्या झडपेच्या) शाफ्टजवळून आणि किल्नच्या इनलेट सीलमधून शिरते.

दोन गोष्टी सक्तीच्या. वर्क परमिट आणि सीसीआरला कळवल्याशिवाय मनोऱ्यावर जायचं नाही, कारण सायक्लोनचा (मनोऱ्यातल्या नरसाळ्याचा) जाम सुटला की आठ-नऊशे अंशांचा माल दारातून बाहेर येतो. आणि कोल मिलच्या आसपास उदबत्ती, काडी, मोबाइल काही काही न्यायचं नाही. बारीक कोळशाचा स्फोट होतो.

फटी बुजवायला रोप, सिलिकॉन आणि दाराचे नवे बोल्ट लागतात. फुटकळ खर्चाचं काम आहे, म्हणून ते कुणाच्याच यादीत नसतं.

यानंतर किल्न किती वेळा बंद पडतं ते पाहा. बंद पडलेलं किल्न पुन्हा तापवताना इंधन जळतं आणि क्लिंकर शून्य. शिवाय आतल्या विटांना तडे जातात, ते वेगळंच. गेल्या वर्षभरातली प्रत्येक बंदी, तिचं कारण आणि पुन्हा सुरू व्हायला लागलेले तास, एवढा तक्ता करा. आपल्याकडे मृगाच्या वादळात वीज ट्रिप होऊन किल्न थांबतं. त्यावर उपाय इलेक्ट्रिकल विभागाकडे असतो, पण 'या ट्रिपमुळे इतका कोळसा गेला' हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ओला कोळसा हे पावसाळ्याचं दुखणं. त्यातलं एक किलो पाणी वाफ करून घालवायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी लागतात. उघड्यावरच्या ढिगाला छप्पर टाकणं ही डीकार्बनायझेशनची योजना वाटत नाही, पण आहे.

चौथी पायरी: इंधन बदला, पण गावाशी बोलून

इथे विदर्भाचं पारडं जड आहे. आपल्याकडे पऱ्हाटी आहे.

कापूस निघाला की जानेवारी ते मार्च शेतात पऱ्हाट्या उभ्या असतात. एकरी टनभर तरी निघतात. थोड्या चुलीला जातात, बाकीच्या उपटून धुऱ्यावर पेटवल्या जातात. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात, म्हणजे आपल्या इथल्या बऱ्याच कोळशाच्या बरोबरीने. आणि हिशोबात तिच्या धुराचा कार्बन शून्य धरतात, कारण तो पिकाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो.

शेतकऱ्यालाही गरज आहे. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर कृषी विभाग सांगत आला आहे की फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका आणि पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका, अळीचे कोष त्यातच तगतात. म्हणजे वेळेत पऱ्हाटी उचलणारा कुणी भेटला तर दोघांचं भलं.

मग अडतं कुठे? वाहतुकीत. पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॅक्टरची ट्रॉली वरपर्यंत भरली तरी वजन भरत नाही आणि डिझेल तेवढंच जळतं. म्हणून शेतातच श्रेडर लावून बोटाएवढे तुकडे करायचे, किंवा गावाजवळ ब्रिकेट करायचे. हे काम शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट करू शकतो. कारखान्याने दर ठरवताना वजनावर ठरवला तर लोक पाणी मारून आणतात, हे कापसाच्या व्यापाऱ्यांना विचारा. ओलावा मोजून दर ठेवा आणि ओलाव्याचं मीटर शेतकऱ्यासमोर लावा. पैसे आठ दिवसांत द्या. पहिल्या हंगामात पैसे रखडले तर दुसऱ्या हंगामात पऱ्हाटी येत नाही, आगपेटी दोन रुपयांची आहे.

औष्णिक वीज केंद्रांनाही कोळशात बायोमासच्या कांड्या मिसळण्याची सक्ती झाली आहे, त्यामुळे माल ओढायला तेही आहेत. सोयाबीनच्या कुटाराच्या मागे मात्र लागू नका. ते जनावरांचं खाणं आहे.

दुसरं इंधन शहरातल्या सुक्या कचऱ्यातलं, आरडीएफ. २०१६ च्या घनकचरा नियमांत आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या इंधन वापरणाऱ्या उद्योगांनी किमान पाच टक्के इंधन यातून घ्यावं, असं म्हटलं होतं. आरडीएफचा शत्रू क्लोरीन. पीव्हीसी आणि खारट अन्नाचे अवशेष त्यात असतात. क्लोरीन किल्नमध्ये वाफ होतो, वर प्रीहीटरमध्ये थंड होऊन चिकटतो, आणि एक दिवस सायक्लोन जाम. प्रत्येक गाडीचा क्लोरीन तपासा, एक टक्क्याच्या वर गेला तर गाडी परत. आणि वासाचं बघा. उघड्या ट्रकमधून कचरा गावातून गेला तर ग्रामपंचायतीचं निवेदन यायला वेळ लागत नाही, आणि ते बरोबरच असतं.

पाचवी पायरी: आता वीज

मोठं काम वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज करण्याचं. प्रीहीटरमधून तीनशे अंशांच्या आसपासचा वायू आणि क्लिंकर गार करणाऱ्या कूलरमधून गरम हवा बाहेर पडते, त्यावर बॉयलर बसवला तर टन क्लिंकरमागे २५ ते ३५ युनिट मिळतात. पैसा मोठा लागतो, निर्णय मुंबईत होतो, तुमच्याकडून फक्त आकडे मागितले जातील. एक लक्षात ठेवा: फॉल्स एअर आधी बंद केली नाही, तर बॉयलर चुकीच्या मापाचा येतो.

पंख्यांचं पाहा. डॅम्पर (हवेची झडप) अर्धा बंद करून चालणारा पंखा दिसला की तिथे वेग बदलणारा ड्राइव्ह बसवायची केस तयार. वेग दहा टक्क्यांनी उतरला की वीज सत्तावीस टक्क्यांनी उतरते.

कॉम्प्रेस्ड हवेचं काम तुम्ही एकट्याने करू शकता. शटडाउनमध्ये, हवा वापरणारं काहीच चालू नसताना, एक कॉम्प्रेसर सुरू ठेवा आणि घड्याळ लावा. तो तीन मिनिटं लोडवर आणि सहा मिनिटं अनलोडवर चालला, तर तीन भागिले नऊ, म्हणजे त्याच्या क्षमतेतली तेहतीस टक्के हवा गळतेय. मग साबणाचं पाणी घेऊन लाइन तपासा. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक छिद्र तीनेक किलोवॅट खातं, वर्षाला चोवीस हजार युनिट, सतरा टन कार्बन. दुसऱ्या पायरीतल्या चोवीस हजार टनांशी ताडून पाहा, म्हणजे वीज शेवटी का ठेवली ते कळेल. तरी करा. यात पैसा लागत नाही, आणि नव्या माणसाला फिटर लोकांशी ओळख करून घ्यायला याहून चांगलं निमित्त नाही.

कारखाना सिमेंटचा नसेल तर

क्रम बदलतो. कोळशावरच्या स्पंज आयर्नमध्ये (खनिज न वितळवता केलेल्या लोखंडात) कोळसा उष्णता देतो आणि लोहखनिजातला ऑक्सिजनही काढतो, त्यामुळे खनिजाची प्रत आणि कोळशाची राख आधी पाहा. किल्नमधून नऊशे अंशांच्या वरचा वायू निघतो. रोज १०० टनांच्या किल्नवर सुमारे दोन मेगावॅट वीज मिळू शकते, ती हवेत सोडणं हा गुन्हा समजा. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, टन पोलादामागे २.२ टनांहून कमी कार्बन. कोळशाच्या स्पंजवर तिथे पोचणं अवघड आहे, म्हणून भंगाराचं प्रमाण वाढवणं हा तिथला क्लिंकर कमी करण्याचा मार्ग. फेरो अलॉयमध्ये टनामागे हजारो युनिट लागतात, तिथे विजेचा स्रोत पहिला. कागदात बॉयलर आणि वाफेची गळती.

धुराड्यातून कार्बन पकडून साठवायच्या तंत्राबद्दल कुणी विचारलं तर ऐकून घ्या. दगडाच्या खात्यातले ५२५ किलो शेवटी त्याच वाटेने जातील, पण ते काम ट्रेनीच्या टेबलावर यायला वेळ आहे.

सहावी पायरी: कागद

हे कंटाळवाणं आहे आणि आता टाळता येत नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या क्षेत्रांतल्या कारखान्यांना टनामागच्या उत्सर्जनाची लक्ष्यं मिळाली. पायाभूत वर्ष २०२३-२४, लक्ष्यं २०२५-२६ आणि २०२६-२७ ची. लक्ष्यापेक्षा कमी सोडलं तर प्रमाणपत्रं मिळतात, एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन. जास्त सोडलं तर ती विकत घ्यावी लागतात.

तपासनीस आला की तो प्लॅन विचारत नाही, पावत्या विचारतो. वजनकाट्याची स्लिप, कोळशाच्या प्रत्येक लॉटचा लॅब रिपोर्ट, काट्याचं आणि फीडरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, पऱ्हाटीचा ओलावा, क्लिंकरचा स्टॉक कसा मोजला त्याची नोंद. पहिल्या महिन्यात जी वही सुरू केली तीच इथे कामी येते. याच विषयात पुढे राहायचं असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी मॅनेजरची राष्ट्रीय परीक्षा द्या, तीन पेपर असतात. चौथा दिला तर ऑडिटर.

प्लॅन केव्हा द्यायचा

पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, सिमेंट कमी खपतं, म्हणून किल्नचं मोठं शटडाउन बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतं. फटी बुजवणं, सील बदलणं, ड्राइव्ह बसवणं, सगळं त्याच खिडकीत होतं. त्यामुळे यादी मेअखेर द्या. एका पानाची. प्रत्येक कामासमोर चारच रकाने: किती टन कार्बन, किती रुपये वाचतील, किती लागतील, किल्न किती दिवस बंद हवं. शेवटचा रकाना शून्य असलेली कामं सगळ्यात वर लिहा आणि ती जूनमध्येच सुरू करा. ज्यांना सुटे भाग लागतात त्यांची इंडेंट (खरेदीची मागणी) एप्रिलमध्येच टाकलेली बरी, कारण किल्नचं सील ऑर्डर दिल्यावर तिसऱ्या महिन्यात आलं तरी लवकर आलं म्हणायचं.